बाथरूममध्ये नाही, द्राक्षबागेच्या रस्त्यावर पडलात, हे आधी डॉक्टरांना सांगा

पत्र

ताई, मी नाशिकला राहते, वय ४७, शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी भावानं दुबईहून उभं राहून चालवायची इलेक्ट्रिक स्कूटर आणली, ५०० वॅटची, १० इंची चाकं. त्याला काही ती चालवायला होईना म्हणून माझ्याकडं ठेवून गेला. मी रविवारी सकाळी ती डिकीत टाकून गिरणाऱ्याच्या पुढं जाते आणि बागांच्या मधल्या कच्च्या रस्त्यांनी तासभर फिरते. आठवड्यातला तेवढाच एक तास माझा स्वतःचा असतो.

१६ दिवसांपूर्वी ट्रॅक्टरच्या चाकोरीत पुढचं चाक अडकलं आणि मी हँडलवरून पुढं फेकले गेले. उजवा हात टेकला, मग डोकं आपटलं. हेल्मेट होतं. बागेत काम करणाऱ्या एका बाईनं उठवून बसवलं, पाणी दिलं. घरी मी बाथरूममध्ये घसरले असं सांगितलं, कारण सासूबाई आणि हे दोघंही पहिल्यापासून ‘या वयात हे काय’ म्हणतात. यांनीच दवाखान्यात नेलं. एक्स-रे नॉर्मल आला, मुरगळलाय म्हणाले, क्रेप बँडेज दिलं. दोन दिवस डोकं जड होतं, आता बरंय. पण अंगठ्याच्या बुडाशी अजून दुखतं, खडू धरता येत नाही, कणीक मळता येत नाही. शेजारच्या काकू म्हणतात तेल लावून चोळून घे.

खरं काय ते फक्त मुलाला माहितीय, तो दहावीत आहे. हेल्मेटला चीर गेलीय ती त्यानं फेविक्विकनं चिकटवून दिली. ताई, स्कूटर विकून टाकू का? खरंच वय झालं का माझं?

— नाशिकची एक वाचक

उत्तर

स्कूटर विकायची का नाही ते नंतर बघू, आधी उद्या सकाळी हाडांच्या डॉक्टरकडं जा, शक्य असेल तर आजच. पत्र वाचताना माझं सगळं लक्ष एकाच ओळीवर अडकलं, ‘अंगठ्याच्या बुडाशी अजून दुखतं’.

आत्ता हे वाचता वाचताच करून बघा. उजवा अंगठा ताठ करून वर करा, लिफ्ट मागताना करतो तसा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दोन शिरांच्या मधे एक छोटा खळगा पडतो. डाव्या हाताच्या बोटानं त्यात हलकंच दाबा. तिथं कळ आली तर ती साधी लचक धरून बसायची नाही. त्या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचं एक छोटं हाड असतं, काजूएवढं, आणि तळहात टेकून पडलं की मनगटात मोडणाऱ्या हाडांमधलं हे अगदी नेहमीचं हाड आहे. याची खोड अशी की पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत ते मोडलेलं बऱ्याचदा दिसतच नाही. भेग केसासारखी बारीक असते, आणि १०-१४ दिवसांनी हाडाच्या कडा थोड्या विरघळल्या की मग ती दिसायला लागते. म्हणून संशय असला तर डॉक्टर एक्स-रे नॉर्मल असूनही हात प्लास्टरमधे ठेवतात आणि दोन आठवड्यांनी परत फोटो काढतात, नाहीतर सरळ एमआरआय करायला सांगतात. तुम्हाला १६ दिवस झालेत, म्हणजे दुसरा फोटो काढायची वेळ बरोबर आलीय.

आणि हे टाळू नका, कारण या हाडाला रक्त येतं ते बोटांकडच्या टोकाकडून. मधे मोडलं तर मनगटाकडच्या तुकड्याचा रक्तपुरवठाच तुटू शकतो, आणि तो तुकडा वाळून गेला, सांधा झिजला की मग ऑपरेशन, आणि आयुष्यभराचं दुखणं. वेळेत कळलं तर बहुतेक वेळा ६ ते १२ आठवड्यांच्या प्लास्टरवर भागतं. तुम्ही फळ्यावर लिहिणाऱ्या आहात, उजवा हात आहे. काकूंना प्रेमानं नाही म्हणा, तेल लावून चोळायचं नाही, हाडवैद्याकडं जाऊन ओढून घ्यायचं तर अजिबात नाही.

आता जे मला जरा कडक बोलायचंय ते बोलते. पहिल्या डॉक्टरांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्यांना सांगितलं काय गेलं, तर बाई बाथरूममध्ये घसरल्या. उभ्या जागी घसरलेलं माणूस आणि ताशी २०-२५च्या स्पीडनं हँडलवरून उडून पडलेलं माणूस यांना डॉक्टर वेगळं तपासतात हो! दुसऱ्या केसमधे ते मान बघतात, खांदा, हसळी म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड बघतात, डोकं आपटलं का विचारतात, बेशुद्ध झालात का, उलटी झाली का, पडण्याच्या आधीचं नंतरचं सगळं आठवतं का विचारतात. तुम्हाला यातलं काहीच कुणी विचारलं नसणार कारण विचारायचं कारणच त्यांच्यासमोर आलं नाही. सासूबाईंचं बोलणं चुकवायला म्हणून एक वाक्य सांगितलंत, ते यांच्याबरोबर गाडीत बसून दवाखान्यात गेलं, केसपेपरवर लिहिलं गेलं, आणि आता तुमच्या मनगटात बसलंय. मी रागावत नाहीये, खरंच नाही, असं वाक्य आपल्यापैकी कितीतरी बायका सांगतात, मार खाल्ला तरी आणि मजा केली तरी, दोन्ही वेळेला बाथरूमच. पण डॉक्टरसमोर ते चालत नाही.

तर उद्या गेलात की पहिलं वाक्य हे म्हणा: ‘मी इलेक्ट्रिक स्कूटरवरून पुढं फेकले गेले, तळहात टेकला, डोकं आपटलं, दोन दिवस डोकं जड होतं, अंगठ्याच्या बुडाशी दुखतंय.’ एवढं पुरे, मग ते काय ते बघतील. डोक्याचं ‘आता बरंय’ म्हणून गाळू नका. आणि यापुढं कधीही डोकेदुखी वाढत चालली, सारखी झोप यायला लागली, उलट्या झाल्या, बोलताना अडखळायला झालं, हातापायात जोर कमी वाटला तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला जायचं. मागं पडून दोन-तीन आठवडे झाले म्हणून सोडून द्यायचं नाही, मेंदूवर हळूहळू रक्त साठायचं असेल तर ते उशिरानंसुद्धा दिसतं, वय जास्त असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. तुमच्या त्या काकूंना, सासूबाईंनाही हे माहीत असू दे, त्या पडल्या तर उपयोगी पडेल.

सोलवटलेल्या जागेबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत पण कच्च्या रस्त्यावर पडून खरचटलं नाही असं होत नाही. जखम मातीतली असेल आणि शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन होऊन पाच वर्षं उलटून गेली असतील तर ते डॉक्टरांना विचारा, ते लगेच घ्यायचं असतं खरं तर, पण राहिलं असेल तर अजून राहू देऊ नका. आणि पुढच्या वेळी जखम भरपूर स्वच्छ पाण्याखाली धरून त्यातले खडे निघेपर्यंत धुवायची, हळद, कॉफी, टूथपेस्ट काही भरायचं नाही. बागेत पाणी मागायची वेळ आली तर प्यायचं पाणी मागा. ब्लोअरच्या, म्हणजे ट्रॅक्टरला लावलेल्या फवारणी यंत्राच्या टाकीजवळचं पाणी जखमेला लावायचं नाही, औषध मारायच्या दिवसात त्या टाक्यांमधे काय काय असतं ते बागवाल्यांना विचारा.

आता तुमचा खरा प्रश्न, वय झालं का.

तुम्ही वयामुळं पडला नाहीत, तुम्ही चाकामुळं पडलात. १० इंची चाक म्हणजे २५ सेंटिमीटर, म्हणजे त्याचा आस जमिनीपासून जेमतेम १२ सेंटिमीटरवर. डोंगरात चालवायच्या सायकलचं २९ इंची चाक टायरसकट ७० सेंटिमीटरच्या वर जातं. आता रस्त्यात चार सेंटिमीटरचा, लिंबाएवढा दगड आला तर सायकलच्या चाकाला तो खालून लागतो, चाक त्याच्यावर चढतं. स्कूटरच्या चाकाला तोच दगड बराच जास्त समोरून लागतो, पायरीला धडकल्यासारखा, चाक तिथंच थांबतं आणि तुम्ही मात्र फळीवर उभ्या, तुमचं वजन कंबरेच्या उंचीवर, ते काही थांबत नाही, ते पुढं जातं. गुडघ्यानं धरायला काही नाही, बसायला सीट नाही. २० वर्षांचा पोरगाही त्या जागी असाच उडाला असता, फक्त तो घरी खरं सांगून टाकतो.

आणि चाकोरी! हा शब्द पत्रात वाचला आणि मला ती जागा डोळ्यासमोर दिसली. ऑक्टोबर छाटणी झाली की बागेत फवारणीच्या फेऱ्यांवर फेऱ्या सुरू होतात, ब्लोअर लावलेला ट्रॅक्टर त्याच त्याच वाटेनं जातो, परतीचा पाऊस पडून गेलेला असतो, काळी माती ओली असताना टायर आत रुततो आणि मग पंधरा दिवस ऊन लागलं की ती चाकोरी अशी वाळते की काठाला लाथ मारली तरी ढेकूळ निघत नाही. तुमचं चाक चार बोटं रुंद, ते एकदा त्या खाचेत उतरलं की हँडल वळवून बाहेर येत नाही. हँडल वळतं, चाक काठाला घासतं, आणि आडवं होतं. अशा ठिकाणी करायचं एकच, चाकोरी दिसली की स्पीड चालण्याएवढा करायचा आणि तिरकं न जाता शक्य तेवढं काटकोनात ओलांडायचं, आणि खोल असेल तर सरळ उतरून स्कूटर हातात धरून न्यायची. उतरण्यात कमीपणा नाही. मी स्वतः चालवताना आजही रोज कुठं ना कुठं उतरते.

मी कशी पडले तेही सांगते, म्हणजे तुम्हाला एकटं वाटणार नाही. साताऱ्याजवळ कण्हेर धरणाच्या बाजूला एक मुरमाचा उतार आहे, २०२१च्या डिसेंबरमधे सकाळी मी तिथून उतरत होते, समोर कुत्रं आलं आणि मी घाबरून पुढचा ब्रेक गच्च दाबला. मुरूम म्हणजे ज्वारीच्या दाण्यांवर चालल्यासारखं असतं, पुढचं चाक लॉक झालं आणि सरकलं, मी उजव्या खांद्यावर. हसळी मोडली. तो आवाज मला अजून आठवतो, ओली काडी मोडावी तसा. फोन रेंजमधे नव्हता आणि मी कुठं जाते हे घरी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. शेरडं घेऊन एक म्हातारेबाबा आले त्यांनी मला रस्त्याला आणलं, तोवर पाऊण तास मी तिथं आकाशाकडं बघत पडून होते. त्या पाऊण तासात मला दुखण्यापेक्षा जास्त हे वाटत होतं की पोरीला माहीतच नाही आई कुठंय.

म्हणून घरी सांगा. यांना आधी सांगा, एकटे असताना, दवाखान्यात जायच्या अगोदर. सासूबाईंना मग दोघांनी मिळून सांगा. त्या बोलतील, दोन दिवस बोलतील, बोलू द्या, त्यांनाही भीतीच वाटतेय, ती भीती ‘या वयात’ अशी बाहेर पडते एवढंच. त्यांना हे सांगा की रविवारचा तो एक तास तुम्हाला का लागतो. तुम्ही मला तो एका ओळीत सांगितलात आणि मला लगेच कळलं, मग त्यांना का नाही कळणार? आणि मुख्य म्हणजे मुलाला त्या गुपितातून सोडवा. दहावीचा पोरगा आहे, आईला लागलंय हे एकट्यानं मनात घेऊन फिरतोय, फेविक्विक लावून हेल्मेट जोडतोय. किती माया आहे त्यात! पण उद्या त्याचं मनगट मोडलं तर तोही बाथरूमच म्हणेल, हे त्यानं कुणाकडून शिकायचं?

ते हेल्मेट मात्र फेकून द्या. त्याचं काम झालं. आतला जो थर्माकोल असतो तो एकदाच दबण्यासाठी केलेला असतो, तो दबला म्हणून तुमचं डोकं वाचलं, दबलेला परत फुगत नाही, चीर चिकटवली तरी. मुलगा चुकून घालून जाईल म्हणून घरातही ठेवू नका, पट्टा कापून टाका आणि मग कचऱ्यात. नवीन घेताना सायकलचं घेतलं तर आत ‘EN 1078’ (ईएन १०७८) हे सायकल हेल्मेटचं युरोपियन मानक लिहिलेलं बघा, आणि स्पीड जास्त असेल तर स्कूटर-मोटरसायकलचं आयएसआय मार्कवालं जास्त भरवशाचं. त्याच्याबरोबर स्केटिंगवाल्यांचे मनगटाचे गार्ड घ्या, तळहाताच्या बाजूला कडक प्लास्टिकची पट्टी असते ते. आणि गुडघ्याचे पॅड. पडताना हात पुढं जाणारच, ते आपल्या हातात नसतं, म्हणून हाताला आधीच काहीतरी घातलेलं बरं.

आता स्कूटरकडं. ती पडल्यापासून तुम्ही किंवा मुलानं चार्जिंगला लावली असेल तर आधी थांबवा. बॅटरी फळीच्या खाली असते आणि दगडावर आपटते ती तीच बाजू. स्कूटर आडवी करून खालचं कव्हर बघा, चेपलंय का, चीर आहे का, कुठं फुगवटा आलाय का, गोडसर किंवा जळकट वास येतोय का, हात लावला तर विनाकारण गरम लागतंय का. यातलं काहीही असलं तर चार्ज करायची नाही, घरात जिन्यात दाराजवळ ठेवायची नाही, बाहेर मोकळ्या जागी ठेवून दुरुस्तीवाल्याला बोलवायचं. लिथियमची बॅटरी आतून दुखावली असेल तर लगेच दिसत नाही, चार्जिंग करताना पेट घेते, आणि रात्रभर लावून झोपायची सवय असेल तर ती आजपासून बंद.

दुसरं, घडी घालायचा सांधा. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडल मागंपुढं हलवा. कटकट आवाज आला, खेळ जाणवला, की तो सांधा किंवा त्याचा क्लॅम्प ढिला झालाय. पडलेल्या स्कूटरमधे तिथं वेल्डिंगजवळ बारीक चीरही असू शकते, रंगाला केसासारखी रेघ दिसते, ती बोटानं नाही नखानं कळते. चीर असेल तर ती स्कूटर संपली, वेल्डिंग करून चालवू नका.

तुमची ५०० वॅटची आहे म्हणून एक कायद्याचंही सांगते. आपल्याकडं २५० वॅटच्या आत मोटर आणि ताशी २५ किमीच्या आत स्पीड असलेली बॅटरीची गाडी मोटार वाहनात धरत नाहीत, म्हणून तिला लायसन्स, नोंदणी लागत नाही. तुमची त्यात बसत नाही. तेव्हा सार्वजनिक रस्त्यावर ती काढूच नका, डिकीत टाकून नेता ते बरोबरच करता. आणि बागेचा रस्ता कुणाच्या तरी मालकीचा असतो, एकदा थांबून विचारून घ्या. ज्या बाईनं तुम्हाला उठवून बसवलं तिच्याकडं जाऊन या, हात बरा झाला की. तिला सांगून ठेवलंत ना, की मी रविवारी सात वाजता इथून जाते, तर तुमच्यावर लक्ष ठेवणारं एक माणूस तिथं होईल. घरी लोकेशन शेअर करून जा, रेंज जाते त्या जागेच्या आधी एक फोन करा, आणि १०८ नंबर मुलाच्या, यांच्या, सगळ्यांच्या फोनमधे असू दे.

परत चालवायला लागाल तेव्हा, म्हणजे डॉक्टर हो म्हणतील तेव्हा, त्याआधी एक दिवसही नाही, सगळ्यात कमी मोड लावा आणि १५च्या वर जाऊ नका. २५ला जी धडक बसते ती १५च्या मानानं पावणेतीन पट असते, कारण जोर स्पीडच्या वर्गानं वाढतो, आणि २५ला तुम्ही एका सेकंदात सात मीटर जाता, कुत्रं बघून ब्रेक दाबेपर्यंत तेवढं जाऊन झालेलं असतं. गुडघे सैल वाकवून उभं राहायचं, एक पाय पुढं एक मागं थोडा तिरका, ब्रेक मारताना बूड मागं टाकायचं जसं खुर्चीवर बसायला जातो तसं, आणि मागचा ब्रेक आधी, पुढचा मग हळूच. नजर चाकावर नाही, पाच-सहा मीटर पुढं. अंगठा थ्रॉटलवर, म्हणजे स्पीड वाढवायच्या खटक्यावर, दाबून ठेवायचा नाही खड्ड्यात, धक्का बसला की तो आपोआप जास्त दाबला जातो आणि पडता पडता स्कूटर अजून पळते, हे बऱ्याच जणींना कळतच नाही. पहिले चार रविवार सपाट, सुक्या, चाकोरी नसलेल्या रस्त्यावर. पाऊस पडून गेला असेल त्या आठवड्यात नाही.

आणि हाडांच्या डॉक्टरकडं जाताच आहात तर पाळीचं काय चाललंय ते सांगून हाडांची घनता तपासायची गरज आहे का विचारून घ्या. तुम्ही पडलात त्याचा वयाशी संबंध नाही, पण चाळिशीच्या शेवटाकडं बाईची हाडं विरळ व्हायला लागतात, माहीत असलेलं बरं, स्कूटर चालवा नाही तर नका चालवू.

विकायचं म्हणाल तर आत्ता ठरवू नका. दुखत्या हातानं आणि लपवाछपवीच्या भीतीनं घेतलेला निर्णय असेल तो. प्लास्टर निघू दे, घरात सगळ्यांना माहीत झालेलं असू दे, मग एका रविवारी यांना बरोबर घेऊन त्या रस्त्यावर नुसत्या चालत जा, कुठं पडलात ती जागा त्यांना दाखवा. त्यानंतर वाटलं विकावी तर विका.

एक्स-रे झाला की कळवा मला, काय निघालं ते.